पाच लाखांचे कार्ड आणि पोडावरचा ताप

१ जुलै २०२४ पासून महाराष्ट्रातल्या प्रत्येक कुटुंबाला, रेशनकार्ड पिवळे असो, केशरी असो वा पांढरे, वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत रुग्णालयातले उपचार मोफत आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि केंद्राची आयुष्मान भारत योजना या दोन्हींचे हे एकत्रित रूप. कागदावर पाहिले, तर झरी-जामणीतला कोलाम शेतमजूर आणि यवतमाळ शहरातला निवृत्त शिक्षक आज एकाच छत्राखाली आले आहेत. महाराष्ट्रात आरोग्यविम्याचा इतका व्यापक शब्द याआधी कुणी दिला नव्हता.

मग दुखण्यापायी घर कर्जात बुडण्याचा प्रश्न सुटला का? यवतमाळसारखा जिल्हा समोर ठेवून पाहिले, तर उत्तर दोन भागांत द्यावे लागते. मोठ्या शस्त्रक्रियेचा प्रश्न बराच सुटला. रोजच्या आजाराचा प्रश्न होता तिथेच राहिला, कारण तो विम्याच्या हिशेबात धरलेलाच नव्हता. आरोग्यव्यवस्थेचे बळ आणि तिची दुखरी जागा या दोन्ही गोष्टी याच फटीत सापडतात.

दोन वाटा

१९४६ साली भोर समितीने मांडलेले तत्त्व सरळ होते : खिशात पैसा नाही म्हणून कुणाचा उपचार अडता कामा नये. त्यासाठी समितीने गावोगाव पोहोचणाऱ्या सरकारी दवाखान्यांची साखळी सुचवली. प्राथमिक आरोग्य केंद्र ही कल्पना तिथूनच आली. पुढे निकष ठरले. सपाट भागात पाच हजार लोकवस्तीला एक उपकेंद्र, आदिवासी भागात तीन हजारांना. प्राथमिक आरोग्य केंद्र अनुक्रमे तीस हजारांना आणि वीस हजारांना.

त्याच काळात विम्याची दुसरी वाट निघाली, पण ती नोकरदारांसाठी. १९४८ च्या कायद्याने कारखान्यातल्या कामगाराला कर्मचारी राज्य विमा मिळाला. १९५४ पासून केंद्रीय कर्मचाऱ्यांना स्वतंत्र आरोग्य योजना मिळाली. कापूस वेचणारी बाई आणि कोरडवाहू शेतकरी यांच्या वाट्याला सरकारी दवाखाना तेवढा आला. तो नीट चालला तर सगळे, नाही तर काहीच नाही.

तो नीट चालला नाही म्हणून खासगी दवाखाने वाढले आणि त्यांच्या बिलांसाठी विम्याची मागणी वाढली. २००७ साली आंध्रात आरोग्यश्री योजना आली. पैनगंगेच्या पलीकडे, तेव्हा आंध्रात असलेल्या आदिलाबाद जिल्ह्यात ती चालू झाल्याचे अलीकडच्या यवतमाळच्या गावांना लवकरच कळले. केंद्राने २००८ मध्ये दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांसाठी तीस हजारांचा राष्ट्रीय स्वास्थ्य विमा आणला. महाराष्ट्राची राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली. विदर्भातून त्यात गडचिरोली आणि अमरावती होते. यवतमाळचा नंबर २१ नोव्हेंबर २०१३ रोजी, राज्यभराच्या विस्तारात लागला. पिवळ्या व केशरी कार्डधारकांना दीड लाखाचे संरक्षण होते. पुढे शेतकरी आत्महत्यांनी ग्रासलेल्या चौदा जिल्ह्यांत, सातबारा दाखवणाऱ्या पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यालाही योजनेत घेतले गेले. त्या यादीत यवतमाळ होते. २०१७ मध्ये योजनेला महात्मा फुल्यांचे नाव मिळाले, २०१८ मध्ये आयुष्मान भारत आली आणि १ एप्रिल २०२० पासून दोन्ही एकत्र राबवल्या जाऊ लागल्या.

योजनेने काय दिले

योजनेला नावे ठेवण्याआधी तिच्या आधीचा काळ आठवावा. हृदयाची शस्त्रक्रिया निघाली की पहिला विचार बैलजोडीचा व्हायचा, दुसरा अर्ध्या एकराचा, तिसरा सावकाराचा. ज्यांची ओळख होती ते आमदाराची चिठ्ठी घेऊन मुख्यमंत्री निधीच्या मागे लागायचे. ज्यांची नव्हती ते रुग्णाला घरी आणायचे. आज बायपास, कर्करोगाची किमोथेरपी, डायलिसिस, कमी वजनाच्या नवजात बाळाची काचेच्या पेटीतली देखभाल यांसाठी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राच्या टेबलापाशी कार्ड दाखवता येते. मिळणारी मदत मेहेरबानी राहिली नाही, तिच्यावर हक्क सांगता येतो. हा बदल मोठा आहे.

देशाच्या हिशेबातही त्याची सावली दिसते. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता. २०२१-२२ मध्ये तो ३९.४ टक्क्यांवर आला. घरगुती खर्चाचा हा अंदाज मुख्यतः २०१७-१८ च्या नमुना पाहणीवर उभा असल्याने तो जपून वाचायला हवा. तरी दिशा स्पष्ट आहे. त्याच पाहणीत आणखी एक आकडा होता. बाळंतपण वगळता एकदा रुग्णालयात दाखल व्हायचा सरासरी खर्च सरकारी रुग्णालयात ४,४५२ रुपये आणि खासगीत ३१,८४५ रुपये. हे अंतर विमा भरून काढतो असे आपण म्हणतो. सरकारी दवाखाना चांगला असता तर ते पडलेच नसते, हेही तोच आकडा सांगतो.

विम्याच्या हिशेबाबाहेरचे दुखणे

योजना दाखल रुग्णासाठी आहे. ठरवून दिलेल्या उपचारांची यादी, प्रत्येकाचा ठरलेला दर, त्याला आधी मंजुरी, मग उपचार, मग दावा. या चौकटीत अपेंडिक्स बसते. रोजची रक्तदाबाची गोळी बसत नाही. साखरेचा आजार, दमा, सिकलसेल, उन्हाळ्यातली हगवण, कंबरदुखी यांवर लोक वर्षभर पैसे मोजतात ते ओपीडीत आणि औषधाच्या दुकानात. मोठ्या बिलाने घर एका दिवसात हादरते. हा छोटा खर्च मात्र महिन्यामागून महिना घर पोखरतो आणि त्याचा दावा कुठेच दाखल होत नाही.

यवतमाळमध्ये याचे वजन जास्त आहे. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याच्या २७ लाख ७२ हजार लोकसंख्येत साडेअठरा टक्के आदिवासी आहेत. त्यांतले कोलाम अतिअसुरक्षित आदिम जमातींत मोडतात. केळापूर, मारेगाव, झरी-जामणी, घाटंजी भागातले त्यांचे पोड, म्हणजे वस्त्या, मुख्य रस्त्यापासून आत असतात. विदर्भाच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल आहे. जिल्ह्याच्या काही गावांत पाण्यातल्या फ्लोराइडने दात आणि हाडे खराब होतात. सिकलसेलच्या मुलाला लागतात फॉलिक ॲसिडच्या गोळ्या, वेळेवर रक्त आणि दुखण्याचा झटका आला की जवळ डॉक्टर. फ्लोराइडला लागते स्वच्छ पाणी. कुठल्याही विम्याच्या पॅकेजात पाण्याची टाकी नसते.

प्रवासाचेही तसेच. योजनेच्या पॅकेजात रुग्णाला सुटी झाल्यावर घरी परतायचे एसटीचे भाडे धरलेले असते. जायचे भाडे नसते, सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी नसते, त्याचे जेवण नसते. डायलिसिसचा रुग्ण आठवड्यातून दोनदा जात असेल तर उपचार फुकट असूनही महिन्याकाठी खर्च उभा राहतोच. या खर्चाचा बोजा नको म्हणून अर्ध्यावर उपचार सोडणारा कुठल्या आकड्यात मोजला जातो, हा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही.

पैसा जातो कुठे

१३,५८२ चौरस किलोमीटरचा हा जिल्हा गोव्याच्या साडेतीनपटीहून मोठा आहे. तालुके सोळा. जिल्ह्याचे ठिकाण सगळ्यांना सारखे जवळ नाही. वणीचा रुग्ण चंद्रपूर किंवा नागपूरकडे बघतो. उमरखेडला नांदेड जवळ. पांढरकवड्याहून हैदराबाद महामार्गाने वर गेले की नागपूर, खाली गेले की आदिलाबाद. यवतमाळ आणि बाभूळगाव, कळंबकडचे लोक वर्ध्याकडे, सावंगी किंवा सेवाग्रामला जातात.

रुग्ण ज्या दिशेने जातो त्याच दिशेने विम्याचा पैसाही जातो. हृदय, मेंदू, कर्करोग यांचे तज्ज्ञ शहरांत आहेत, म्हणून योजनेशी जोडलेली मोठी रुग्णालये शहरांत आहेत, म्हणून दाव्यांची रक्कमही शहरांत जमा होते. त्या रकमेतून शहरातले रुग्णालय आणखी एक मजला चढवते. तालुक्यातल्या ग्रामीण रुग्णालयात भूलतज्ज्ञाची जागा मात्र रिकामीच राहते. सरकारी रुग्णालयेही योजनेत उपचार करून दाव्याचे पैसे मिळवू शकतात. ही योजनेतली फार कामाची तरतूद आहे. पण दावा मिळवायचा तर शस्त्रक्रिया व्हावी लागते, शस्त्रक्रियेला सर्जन आणि भूलतज्ज्ञ लागतात. जिथे माणसे नाहीत तिथे कमाई नाही, आणि कमाई नाही तिथे माणसे येत नाहीत.

२०१७ ची परीक्षा

व्यवस्थेची खरी परीक्षा २०१७ च्या पावसाळ्यात झाली. जुलै ते ऑक्टोबर या काळात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले आणि शेकडो जणांना दाखल करावे लागले. कपाशी माणसाच्या उंचीला आलेली, हवा दमट, अंगावर साधा सदरा, टाकीत दोन-तीन औषधांचे मिश्रण. राज्य सरकारने विशेष तपास पथक नेमले. कंपन्या, विक्रेते, कृषी खाते यांच्यावर बोलणे झाले. ते व्हायलाच हवे होते.

आरोग्याच्या बाजूने त्या महिन्यांचा धडा वेगळा आहे. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशकाच्या विषबाधेत पहिला तास महत्त्वाचा. कपडे काढून अंग धुणे, ॲट्रोपिनचे इंजेक्शन, श्वास अडला तर कृत्रिम श्वसन. हे नागपूरला व्हायचे नसते, गावाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सुरू व्हायचे असते. रक्तातले कोलिनेस्टरेझ तपासण्याची सोय जिल्ह्याच्या मोठ्या रुग्णालयातही तेव्हा नव्हती. विषबाधेच्या पॅकेजचा दर कितीही वाढवला असता तरी त्या तासाची उणीव भरली नसती.

सरकारी दवाखाना : दोन खाती, एक रुग्ण

यवतमाळचे श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८९ चे. पंतप्रधान स्वास्थ्य सुरक्षा योजनेच्या तिसऱ्या टप्प्यात अतिविशेषोपचार विभागासाठी निवडलेल्या महाविद्यालयांत ते होते. पुसदच्या नाईक घराण्याने राज्याला दोन मुख्यमंत्री दिले, तरी जिल्ह्यातच उपचार घेणाऱ्यांची गंभीर दुखणी आजही मुख्यतः या एका संस्थेच्या दारात येऊन थांबतात.

१५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत सर्व उपचार निःशुल्क झाले. केसपेपरचे, तपासणीचे पैसे नाहीत. निर्णय उत्तम. पण तो सार्वजनिक आरोग्य विभागापुरता होता. शासकीय वैद्यकीय महाविद्यालये वैद्यकीय शिक्षण विभागाकडे असतात. म्हणजे प्राथमिक केंद्रात फुकट उपचार मिळणारा रुग्ण ‘वर न्या’ म्हणून यवतमाळला पाठवला की दुसऱ्या खात्याच्या नियमात जातो. आजारी माणसाला या सीमारेषा कळत नाहीत, आणि कळण्याची गरजही नाही.

औषधांची खरेदी हा दुसरा दुखरा धागा. २०१७ पासून ती हाफकिन या सरकारी महामंडळाकडे होती, पुरवठ्याच्या तक्रारी वाढत गेल्या, आणि २०२३ मध्ये स्वतंत्र प्राधिकरणाचा कायदा झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात चोवीस तासांत चोवीस मृत्यू झाले, त्यांत बारा नवजात बालके होती. उमरखेड, महागावचे लोक ज्या रुग्णालयांचा आधार धरतात त्यांतलेच हे एक. ‘औषध बाहेरून आणा’ अशी चिठ्ठी हातात पडते, तेव्हा मोफत उपचार या शब्दांतली हवा निघून जाते. तमिळनाडूने १९९४ साली औषधखरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ उभारले आणि गोदामापासून प्राथमिक केंद्रापर्यंतची साखळी बांधली. आपण तीस वर्षे उशिरा त्या रस्त्याला लागलो.

तिसरा धागा माणसांचा. ३१ जानेवारी २०२१ रोजी घाटंजी तालुक्यात भांबोरा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हद्दीतल्या कापसी-कोपरी येथे पोलिओच्या लसीऐवजी बारा मुलांना सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले. मुले सुखरूप राहिली, कर्मचाऱ्यांवर कारवाई झाली, बातमी देशभर गाजली. अशा चुका निलंबनाने थांबत नाहीत. देखरेख करणारा माणूस जागेवर असावा लागतो, प्रशिक्षण पुन्हा पुन्हा व्हावे लागते. गावपातळीचा सगळा भार ज्यांच्यावर आहे त्या आशाताईंना पगार नाही, कामागणिक मोबदला आहे. २०२३-२४ मध्ये त्यांना मानधनासाठी संपावर जावे लागले. २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानाने उभी केलेली ही फळी नसती तर पोडावरची बाळंतीण आजही दवाखान्यापर्यंत पोहोचली नसती.

विमा कंपनी की सरकारी हमी

सुधारणेच्या चर्चेत एक वाद कायम असतो : पैसे विमा कंपनीमार्फत द्यावेत की सरकारने थेट? विमा पद्धतीत सरकार कुटुंबागणिक हप्ता भरते आणि दावे कंपनी तपासते. खर्चाचा अंदाज आधी बांधता येतो, तपासणीची शिस्त येते. पण दावा नाकारण्यात कंपनीचा फायदा असतो आणि दावे कमी आले तर उरलेला हप्ता उपचारांवर खर्च होत नाही. हमी पद्धतीत राज्य आरोग्य हमी सोसायटीसारखी सरकारी संस्था स्वतःच दावे चुकते करते. नफ्याची गळती थांबते. मात्र तिजोरीत चणचण आली की रुग्णालयांची बिले थकतात आणि थकलेले रुग्णालय योजनेच्या रुग्णाला ‘बेड नाही’ म्हणू लागते, किंवा वरचे पैसे मागते. महाराष्ट्राने २०२० नंतर दोन्हींचे मिश्रण केले : दीड लाखापर्यंत विमा, त्यापुढे हमी. डॉ. के. श्रीनाथ रेड्डी यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञगटाने २०११ मध्येच विमा कंपन्यांना मधे घेऊ नये, असे सांगितले होते. मला ते मत पटते, पण एका अटीवर : दावे किती दिवसांत चुकते झाले हे दर महिन्याला जाहीर व्हावे.

खासगी विम्यातही अलीकडे सुधारणा झाल्या. २०२४ मध्ये नियामकाने वयाची अट काढली आणि आधीच्या आजारासाठी थांबायचा कमाल काळ चार वर्षांवरून तीन वर्षांवर आणला. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावरचा अठरा टक्के जीएसटी गेला. सरकारी बाजूने सत्तरीपुढच्या सर्वांना आयुष्मानमधून पाच लाखांचे स्वतंत्र संरक्षण ऑक्टोबर २०२४ पासून मिळू लागले. दारव्हा, वणीच्या व्यापारी-शिक्षक कुटुंबांना याचा उपयोग होईल. ज्याला हप्ताच परवडत नाही त्याला कर कमी झाल्याने काही फरक पडत नाही.

शेजारची आणि दूरची उदाहरणे

वेगळा नमुना शोधायला फार लांब जायला नको. यवतमाळच्या शेजारी, सेवाग्रामला, कस्तुरबा रुग्णालयाने डॉ. उल्हास जाजू यांच्या पुढाकाराने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आसपासच्या गावांसाठी आरोग्यविमा चालवला. हप्ता ज्वारीच्या रूपात, सुगी झाल्यावर, जमिनीच्या प्रमाणात. शेतकऱ्याच्या हातात पैसा कधी असतो हे ओळखून हप्त्याची वेळ ठरवलेली. महत्त्वाची गोष्ट म्हणजे हा विमा रुग्णालयाच्या बिलापुरता नव्हता. गावातला आरोग्यसेवक, फिरती परिचारिका, गावातच मिळणारी औषधे आणि गरज पडल्यास सेवाग्रामची खाट, सगळे एका साखळीत होते. छोटे दुखणे गावात मिटले तर मोठे बिल टळते, हा त्यातला साधा हिशेब.

थायलंडने तोच हिशेब देशपातळीवर केला. १९७० च्या दशकापासून त्यांनी नव्या डॉक्टरांना ग्रामीण सेवा सक्तीची केली, नंतर जिल्हा-तालुका रुग्णालयांना निधीत अग्रक्रम दिला आणि मग २००२ मध्ये सर्वांसाठी तीस बाथची योजना आणली. पैसा करातून, नोंदणी जवळच्या रुग्णालयात, ओपीडी आणि औषधे आत. त्यांचा क्रम असा : आधी दवाखाना, मग हक्काचे कार्ड. आपण कार्ड आधी दिले.

पुढे काय

दिलेले कार्ड परत घेण्याचा प्रश्नच नाही. त्याला पाया द्यायचा आहे. त्यासाठी यवतमाळसारख्या जिल्ह्यात चार गोष्टी लगेच करता येतील. एक, रक्तदाब, मधुमेह, सिकलसेल, दमा यांच्या औषधांची हमी प्राथमिक केंद्राला द्यावी. साठा संपला तर रुग्णाला जवळच्या दुकानातून योजनेच्या खर्चाने औषध मिळावे. दोन, आदिवासी आणि दुर्गम गावांच्या रुग्णाला व एका सोबत्याला जाण्या-येण्याचे दोन्ही बाजूंचे भाडे द्यावे. तीन, सार्वजनिक आरोग्य आणि वैद्यकीय शिक्षण या दोन्ही खात्यांच्या रुग्णालयांत मोफत उपचारांचा एकच नियम असावा, आणि सरकारी रुग्णालयांनी दाव्यांतून मिळवलेला पैसा तिथल्याच तज्ज्ञांच्या मानधनावर व यंत्रांवर खर्च व्हावा. चार, दरवर्षी जूनअखेर प्रत्येक प्राथमिक केंद्रात ॲट्रोपिन, प्रॅलिडॉक्झिम, ऑक्सिजन आणि सर्पदंशावरचे प्रतिविष हजर असल्याची तपासणी होऊन तिचा निकाल ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा.

हे सगळे पैशावर अडते, असे सांगितले जाईल. ते खरेही आहे. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे लक्ष्य ठेवले होते. २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्के होता, आणि त्यात कोविडचा खर्चही होता. पण वाढीव रुपया आला तरी तो पाच लाखांचे दहा लाख करण्यात जाणार की उपकेंद्रातली परिचारिकेची रिकामी जागा भरण्यात, हा निवाडा पैशाचा नाही. निवडणुकीत कार्डावरची रक्कम दाखवता येते. भरलेली जागा दाखवता येत नाही. म्हणून मतदारांनी यापुढे विचारायचे ते योजनेचा आकडा किती असे नाही. आपल्या तालुक्यातून गेल्या वर्षी किती दावे मंजूर झाले, त्यांतले किती उपचार जिल्ह्यातच झाले आणि आपल्या प्राथमिक केंद्रात डॉक्टरांची किती पदे भरलेली आहेत, हे तीन आकडे जिल्हा परिषदेने दर तिमाहीला छापावेत. ते छापले गेले की वाद आपोआप योग्य जागी येईल.